इंजिनाला पाण्याचा हबका

ईशान, मीरा, मागच्या वेळी मी तुमच्याकडे आले होते तेव्हा ईशानने मला बाबाच्या गाडीच्या मागे नेऊन चकचकीत अक्षरांवर बोट ठेवत ‘टर्बो’ हा शब्द वाचून दाखवला होता. आजीला हा शब्द नवा असणार अशी त्याची खात्री होती. मी ‘अरे वा’ म्हणून गाडीत बसले, कारण तुमच्या पोहण्याच्या क्लासला उशीर होत होता आणि तुमची आई दोनदा हॉर्न वाजवून झाली होती. पण तो शब्द मी कॉलेजात असताना आमच्या घरात इतका ऐकला होता की आई आमटीत मीठ कमी पडलं तरी टर्बोला बोल लावायची. ती गोष्ट तेव्हा राहून गेली, ती आता सविस्तर सांगते.

आम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहत होतो. दोन खोल्या, पुढे गॅलरी, गॅलरीत आईची गुलबक्षी आणि कोरफड. घरात माणसं चार. माझे वडील, म्हणजे अप्पा, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग मापात आहे की नाही हे पाहणं त्यांचं काम, आणि ते काम त्यांनी घरीही सोडलेलं नव्हतं. चपला एका रेषेत, वर्तमानपत्राच्या घड्या मूळच्या घडीवर, खिशातला रुमाल रोज इस्त्रीचा. मी त्यांची मुलगी, हे तुम्ही माझं कपाट पाहून ओळखलंच असेल. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, पुढे फिजिक्स घेऊ दिलं, आणि त्या काळी आमच्या वाडीत-बिल्डिंगीत कोणी काय म्हणेल याची फिकीर केली नाही. आई घर सांभाळायची. आणि चौथा मधुकाका, अप्पांचा धाकटा भाऊ. अजून लग्न न झालेला, हसरा, नखांत कायम काळं तेल. त्याचं खोपटला एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत छोटं गॅरेज होतं. तो जेवायला बसायच्या आधी आई त्याला अंगणातल्या नळावर पिटाळायची. तिथे तो कपडे धुवायच्या साबणाने कोपरापर्यंत हात घासायचा, आणि तरीही आमच्या पितळी पाण्याच्या तांब्यावर त्याच्या बोटांचे ठसे उमटायचेच.

मधुकाकाकडे एक जुनी काळी गाडी होती, पेट्रोलवर चालणारी. पाच माणसं बसली की चढावर ती धापा टाकायची. काकाच्या मनाने घेतलं होतं की हिला टर्बो लावायचा. विठ्ठलवाडीच्या भंगारवाल्याकडे परदेशी इंजिनांचे सुटे भाग यायचे, त्यातून त्याने एक टर्बो शोधून काढला. दिसायला दोन शंख पाठीला पाठ लावून ठेवल्यासारखा. आत एकाच दांड्याच्या दोन टोकांना दोन चक्रं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एका चक्राला फिरवतो, त्याबरोबर दुसरं चक्र फिरतं आणि बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून जास्त जोर. फुकटात, धुराच्या जिवावर. काकाने हे मला समजावलं तेव्हा तो इतका खूश होता की भाकरी हातात तशीच राहिली होती.

गाडी धावली, सुरेख धावली, आणि येऊरच्या चढावर तिचा पिस्टन फुटला. काकाने नवा घातला. तोही गेला, त्याच्या डोक्याला आरपार भोक पडलं. तो पिस्टन काकाने घरी आणून टेबलावर ठेवला आणि सुतकी चेहऱ्याने त्याच्याकडे बघत बसला. दुसऱ्या दिवशी आईने तो घासून, उपडा घालून, भोकात उदबत्ती लावलेली मी पाहिली. “मापात बसली हो,” असं ती अप्पांना म्हणाली. अप्पा हसले नाहीत.

त्यांचंही चुकत नव्हतं. गिऱ्हाइकांच्या गाड्या गॅरेजात ताटकळत आणि काका या काळीच्या पोटात डोकं घालून बसलेला. अप्पांनी कारखान्यात देखभाल विभागात त्याच्यासाठी शब्द टाकला होता. एका रात्री जेवताना ते म्हणाले, “मधू, दसऱ्यानंतरच्या सोमवारपासून तू माझ्याबरोबर यायचं. गॅरेजला कुलूप.”

“दादा, एक संधी दे.”

“दोन दिल्या. एक त्या उदबत्तीत आहे.”

मग आईच म्हणाली, “अहो, एखादी अट तरी घाला. सरळ कुलूप काय?” अप्पांना अट हा प्रकार आवडायचा, कारण ती मोजता येते. त्यांनी विचार केला आणि सांगितलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरातली सगळी माणसं गाडीत बसतील, माळशेज घाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत न थांबता चढून दाखवायचा. चढला तर गॅरेज राहील. नाही तर सोमवार.

आता पिस्टन का फुटत होता ते सांगते, नाही तर पुढचं कळणार नाही. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, ते तुम्ही पाहिलं आहे. दाबलेली हवा तापते. टर्बोने दाबलेली हवा तर फारच. ती तापलेली हवा आणि पेट्रोलची वाफ सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली जाते, ठिणगी पडते, आणि आग एका टोकाकडून शिस्तीत पुढे सरकायला हवी. पण तापून तयार असलेला उरलेला भाग वाट बघत नाही, तो आपला आपणच एकदम पेटतो. ते जळणं नसतं, तो हातोड्याचा घाव असतो, पिस्टनच्या डोक्यावर मिनिटाला शेकडो वेळा. त्या वेळचं पेट्रोलही आजच्याइतकं सोशिक नव्हतं. बाहेर त्याचा आवाज बारीक येतो. काका त्याला नॉकिंग म्हणायचा. मी पहिल्यांदा येऊरच्या वाटेवर ऐकला तेव्हा मला वाटलं, कोणीतरी झाकणाखाली मोहरी तडतडवतंय.

कॉलेजच्या लायब्ररीत मी विमानांच्या इंजिनांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक शोधून काढलं. त्यात लिहिलं होतं की युद्धातल्या विमानांच्या इंजिनांत हवेबरोबर थोडं पाणी सोडत, म्हणजे हा प्रकार थांबे. मी धावत गॅरेजात गेले आणि काकाला सांगितलं, “काका, पाण्याचं इंजेक्शन द्यायचं!”

काकाने गाडीखालून डोकं काढलं. “इंजेक्शन? ताप आलाय होय तिला?”

“चेष्टा नको. इंजिनात पाणी सोडायचं.”

“सुमे, इंजिनात पाणी गेलं की गाडी बंद पडते हे डेपोतलं कुत्रंसुद्धा सांगेल. यासाठी फिजिक्स शिकतेस?”

मी लेटंट हीट म्हटलं, बाष्पीभवन म्हटलं, चार्ज कूलिंग म्हटलं. काका मान डोलवत होता, पण ती पाहुण्यांसमोर डोलवतात तशी. रात्री घरी मी पुन्हा सुरू केलं. आई पोहे करत होती. ती मध्येच म्हणाली, “एवढं काय सांगतेस? हबका मारायचा म्हणतेय ती.”

तुम्हाला हा शब्द माहीत नसेल. पोहे कढईत परतून झाले की हात पाण्यात बुडवून बोटांनी त्यांच्यावर पाणी झटकायचं, तो हबका. ओतायचं नाही, झटकायचं. पाणी कढईच्या तळाला पोचायच्या आतच त्याची वाफ होते, तापलेलं सगळं निवतं आणि पोहे मऊ होतात. ज्याचा हात जड त्याचे पोहे गचगचीत. मी इंग्रजीतून दोन तास समजावलेली गोष्ट काकाला त्या एका शब्दाने कळली. तो उठला, आईच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “वहिनी, परत मार बघू.” आईने मारला. काकाने वाफेत तोंड घातलं. “थेंब किती बारीक हवेत?” आई म्हणाली, “ते मला काय विचारतोस? आधी तोंड काढ, पोहे करपतील.”

मग आमच्या घरात हबक्याचे दिवस सुरू झाले. वायपरबरोबरची, काच धुवायच्या पाण्याची प्लास्टिकची बाटली आणि तिचा छोटा पंप काकाने बॉनेटखाली बसवला. फवारा बारीक हवा म्हणून रॉकेलच्या स्टोव्हच्या बर्नरचं निपल हवेच्या वाटेत बसवलं. त्याचं भोक केसाएवढं असतं, ते साफ करायला पत्र्याच्या पट्टीची पिन मिळायची, ती काका खिशातच ठेवायचा. आपोआप चालू होणारं बटण काही त्याला मिळालं नाही, म्हणून दाराच्या बेलचं पांढरं बटण त्याने पुढच्या सीटसमोर लावलं. मी शेजारी बसायचं, मोहरी तडतडली की बेल दाबायची, पंप घुर्र करायचा, तडतड थांबायची. येऊरच्या चढावर आम्ही हे कितीदा केलं त्याला गणती नाही. जास्त दाबलं की गाडी गचके खायची आणि काका ओरडायचा, “गचगचीत झाले गं, हात आवर!” परत येताना मामा-भाच्याच्या टेकडीकडून उन्हं उतरत असायची आणि आम्हाला कडकडून भूक लागलेली असायची.

आजच्या गाड्यांत ही तडतड ऐकायला इंजिनालाच एक कान चिकटवलेला असतो, असं तुमच्या बाबाने मला सांगितलं. माणसाला कळायच्या आत गाडी स्वतःला सावरते. फार छान सोय आहे. माझ्या दोन्ही कानांत आता यंत्रं आहेत आणि मला मोहरीही ऐकू येत नाही, तडतडली की नाही ते डोळ्यांनीच बघते. पण तेव्हा माझे कान हेच त्या गाडीचे कान होते, आणि खरं सांगायचं तर परीक्षेत पहिली आले तेव्हाही मला इतकं महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

दसऱ्याला डोंबिवलीहून आत्या आली. आत्या अप्पांची आणि काकाची थोरली बहीण. शिस्तीच्या कडक अशा आमच्या अप्पांना ती सगळ्यांदेखत ‘बाळू’ म्हणायची. तिला पूजा करायला काहीही चालायचं. कात्री, शिवणयंत्र, माझी कंपासपेटी, काकाचे पाने, सगळ्यांना तिने हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूची माळ घेऊन खाली गाडीकडे गेली. आम्ही फराळाच्या गडबडीत. बॉनेट उघडं होतं आणि काका नारळ आणायला वर आलेला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. काका आणि मी पुढे, अप्पा, आई आणि आत्या मागे. आईच्या मांडीवर डबे. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, दहीभात, आणि कांदा ऐनवेळी फोडायला वेगळा. कल्याण ओलांडताना काकाने विठ्ठलवाडीच्या दिशेला हात केला, “त्या तिकडे मिळाला टर्बो.” अप्पांनी खिडकीबाहेर दुसरीकडे पाहिलं. मुरबाडच्या पुढे भाताची शेतं पिवळी पडायला लागली होती आणि हवेत त्यांचा गोडसर वास होता. सपाट रस्त्यावर हबक्याची गरज लागत नव्हती. काका नेहमी गाणी म्हणायचा, त्या दिवशी एकही म्हटलं नाही.

घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर तडतड, मी बेल दाबली, घुर्र, शांत. दुसऱ्या वळणावर तसंच. मागे आत्याने रामरक्षा सुरू केली होती. गाडी पाच माणसं घेऊन अशी चढत होती की एका ट्रकला मागे टाकल्यावर अप्पांनी वळून त्याच्याकडे पाहिलेलं मी आरशात बघितलं. अर्धा घाट झाला, त्याहून जास्त झाला. वर बोगद्याचं तोंड दिसायला लागलं. आणि तडतड आली, मी बेल दाबली, पंप घुर्र करत राहिला, पण तडतड थांबली नाही.

मी पुन्हा दाबली. मोहरी आणखी जोरात फुटत होती. आत्याच्या रामरक्षेत काकाला ती ऐकू आली नसावी.

“काका, थांब.”

“काय?”

“हबका लागत नाहीये. थांब.”

“सुमे, बोगदा दिसतोय.”

मलाही दिसत होता. तिथून पुढे रस्ता जवळजवळ सपाट होतो हे मला माहीत होतं. कदाचित पिस्टन तेवढा टिकला असता. न टिकता फुटला असता तरी घाट संपल्यावर फुटला असता आणि अट पुरी झाली असती. हे सगळं काकाच्या चेहऱ्यावरून सरकताना मी पाहिलं. जोर कमी करून हळूहळू चढायचं म्हटलं तर तेही शक्य नव्हतं. टर्बोसाठी म्हणून इंजिनाचा मूळचा दाब काकाने कमी करून ठेवला होता, हवा भरली गेली नाही तर पाच माणसांना ती त्या चढावर ओढू शकत नव्हती. मी फक्त एवढंच म्हटलं, “काका, फुटेल ती.”

काकाने पाय उचलला आणि गाडी कडेला घेतली. हँडब्रेकचा करकर आवाज झाला. आत्या रामरक्षेत मध्येच थांबून म्हणाली, “पोचलो?”

थांब म्हणणारी मी होते, आणि त्याचं गॅरेज माझ्या त्या एका शब्दाने गेलं होतं.

काकाने बॉनेट उघडलं, निपल सोडवलं आणि उन्हात धरलं. भोक बुजलेलं होतं. मग त्याने बाटलीचं झाकण काढून आत पाहिलं आणि बाटली तिरकी करून थोडं पाणी हातावर घेतलं. पाणी पिवळंधमक होतं, त्यात कुंकवाचे लाल तुरे आणि तळाशी दोन-चार तांदूळ.

“हे कोणी केलं?” अप्पांनी विचारलं.

“मी,” आत्या शांतपणे म्हणाली. “दसऱ्याला पाण्याची पूजा नको?”

“ताई, आत हळद घातलीस?” काका म्हणाला.

“मग काय बाहेर घालू? चांगली मूठभर घातली. एवढी मोठी गाडी, चिमटीने काय होतंय?”

थोरल्या बहिणीवर चिडायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पण तेवढ्यात मागून विचित्र आवाज आला. मला वाटलं, अप्पांना ठसका लागला. ते हसत होते. गाडीच्या दाराला धरून, चष्मा एका हातात घेऊन, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “अक्षतासुद्धा,” एवढंच त्यांना बोलता येत होतं. मग आई हसायला लागली, मग मी. आत्या म्हणाली, “हसा, हसा. बाळू, तुझ्या कारखान्यातल्या यंत्रांना कोणी हळद लावत नाही म्हणून ती बंद पडतात.”

कडेच्या खडकावरून अजून पाण्याची धार उतरत होती. काकाने बाटली धुतली, पिनेने निपल साफ केलं. पाणी गाळायला काही हवं म्हणून तो इकडेतिकडे पाहायला लागला, तेव्हा अप्पांनी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला, घडी मोडली आणि बाटलीच्या तोंडावर स्वतःच ताणून धरला. आम्ही बोगदा ओलांडून वर पोचलो. गाडी मजेत चढली. माथ्यावर वारा सुटला होता आणि आईने सतरंजी पसरायला घेतली होती.

काका अप्पांसमोर जाऊन उभा राहिला. “ठीक आहे, दादा. सोमवारी येतो मी.”

अप्पा चष्मा पुसत होते. “अट काय होती?”

“न थांबता.”

“मग गाडी वळव.”

“घरी?”

“घरी कशाला? खाली, पायथ्याला. नमुन्यात कचरा पडला तर आम्ही तपासणीसाठी दुसरा नमुना घेतो. नापास म्हणून शिक्का नाही मारत.”

आई सतरंजी हातात धरून म्हणाली, “अहो, आणि जेवण?”

“वर जेवू.”

“आत्ता आपण वरच आहोत!”

“पुन्हा वर आल्यावर जेवू,” अप्पा म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. आत्या त्यांच्या पाठोपाठ चढताना पुटपुटली की लहानपणीही हा असाच होता, आंघोळीच्या वेळी एक तांब्या चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचा.

आम्ही पूर्ण घाट उतरलो. पायथ्याला काकाने गाडी वळवली, अप्पांनी आत्याला बजावलं की रामरक्षा मनातल्या मनात, आणि आम्ही पुन्हा निघालो. त्या चढाइतकी शांतता आमच्या घरातल्या माणसांमध्ये मी कधी अनुभवली नाही. मागे पुऱ्यांचा वास, पुढे इंजिनाचा भरदार आवाज. तडतड आली की बेल, घुर्र, शांत. ज्या ठिकाणी आधी थांबलो होतो तिथे रस्त्यावर हळदीच्या पाण्याचा पिवळा ओघळ अजून ओला होता, तो मागे पडला. बोगदा आला, मागे गेला. माथ्यावर काकाने गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि हात स्टिअरिंगवरच ठेवून बसून राहिला. वळून पाहायचं त्याला धाडस होत नव्हतं.

“दादा,” तो समोर बघतच म्हणाला, “सोमवारचं काय?”

“का?” अप्पा म्हणाले. “सोमवारी गॅरेज बंद ठेवतोस की काय?”

“नाही.”

“मग मला काय विचारतोस? उघड वेळेवर.”

आत्याने मागून काकाच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईने डब्यांची झाकणं उघडायला घेतली. काका उतरला, बॉनेट उघडलं आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ आत बघत उभा राहिला. इंजिनात बघण्यासारखं काहीही झालेलं नव्हतं.